नंदीच्या मानेतले चाक

मी एक पिवळे दातेरी चाक. आकाराने पेढ्याएवढा, वजनाने त्याहून हलका, आणि अभिमानाने, आता सांगायला हरकत नाही, मेरू पर्वताएवढा. ज्यांना मोठ्यांची चरित्रे वाचण्याची सवय आहे, त्यांनी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. माझ्या आयुष्यात पराक्रम एकच घडला, आणि तोही मी अडून बसल्यामुळे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचा तापलेला रस साच्यात उतरला, साचा मिटला, उघडला, आणि मी टपकन खाली पडलो. त्याच घटकेला माझ्यासारखीच असंख्य भावंडे टपटपा पडली, ही गोष्ट मी पुष्कळ दिवस लपवून ठेवली होती. गोल अंग, कडेने दाते, मधोमध छिद्र: मी स्वतःकडे पाहिले आणि ठरवून टाकले की आपण सुदर्शनाच्या कुळातले. ज्याने घडवले त्याच्यापुढे नमावे, ही सुबुद्धी संतांना होते. मला फक्त एक बोट हवे होते, आणि तेही देवाचे.

देवाचे बोट काही आले नाही. पट्ट्या, खुंट्या, आस आणि इतर चाके यांच्यासह एका पेटीत बसून मी मोहाडी तालुक्यातल्या करडी गावच्या अंगणवाडीत आलो. मुलांनी जोडजाड करून यंत्रांची ओळख करून घ्यावी, असे त्या पेटीवर छापलेले होते. अंगणवाडीच्या उषाबाईंनी ते वाचले, पेटी वर उचलली आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावले.

"एखादा तुकडा हरवला तं मलेच इचारतीन," त्या मदतनीस बेबीबाईंना म्हणाल्या.

कपाटात अंधार, मौन आणि निराहार. आपल्याला वैराग्य प्राप्त झाले, असे मी शेजारच्या पट्ट्यांना सांगू लागलो. वस्तुतः मला कुलूप लागले होते. पण कुलूप आणि वैराग्य यांतला भेद आतून कळत नाही. दसऱ्याला आम्हांला बाहेर काढून हळदकुंकू वाहिले गेले, झेंडूचे फूल ठेवले गेले, मुलांनी हात जोडले, आणि पेटी पुन्हा कपाटात गेली. देवाला वर्षातून एकदा उजेड दाखवायचा आणि परत झाकून ठेवायचे, ही माणसांची रीत मला फार आवडली. तीत मला काम काहीच नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात उषाबाई कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या आणि माझे देवत्व संपले. त्यांनी पेटी थेट सतरंजीवर उपडी केली. कुणी मला बाहुलीची पोळी केले, कुणी ओल्या मातीवर फिरवून करंजीची कड काढली. गोलू नावाच्या चिरंजीवांनी मला चावून पाहिले आणि "गोड नाही" असा निर्वाळा देऊन फेकून दिले.

मी जिच्या पुढ्यात पडलो, ती अपेक्षा. पाच सरून सहावे लागलेली, वेणी सुटलेली, बोलणे कमी. तिने मला एका आसावर चढवले. शेजारी एक लहान लाल चाक बसवले, आमचे दात एकमेकांत घातले आणि मला फिरवले. मी उजवीकडे फिरलो, तर लाल चाक डावीकडे. तिने मला उलटे फिरवले, तेही उलटले.

"बाई, मी याले इकडं फिरवतो तं ते तिकडं काहून जाते?"

"त्यालेच इचार," उषाबाई म्हणाल्या.

तिने खरोखर विचारले. दुपारभर दोन्ही चाकांना फिरवून विचारले. इतक्या आदराने आजवर मला कुणी काही विचारले नव्हते. उत्तर मलाही ठाऊक नव्हते, हे मी तेव्हा कबूल केले नाही.

या मुलीची घरी ख्याती वेगळी होती. तिचे वडील भोजराज धानाची शेती करीत. त्यांचा टॉर्च तिने उघडला होता, आजीच्या गजराच्या घड्याळाचे पोट मोकळे केले होते, आणि ऐन धानावर कीड असताना फवारणीच्या पंपाची नळी सोडून ठेवली होती. यांपैकी काहीही पुन्हा जुळले नव्हते.

म्हणून तान्ह्या पोळ्याची गोष्ट निघाली तेव्हा भोजराजांनी अंगणवाडीच्या दारातच निकाल दिला. पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी मुले चाकांवरचे लाकडी नंदी ओढत मारुतीच्या देवळापुढे जमतात, ही आमच्याकडची रीत. उषाबाईंनी सांगितले होते की यंदा नंदी ज्याचा त्याने पेटीतल्या तुकड्यांनी बनवावा. अपेक्षाला दारोदार येणाऱ्या नंदीबैलासारखा मान हलवणारा नंदी हवा होता.

"ही खोलते सारं, जोडत काहीच नाही," भोजराज म्हणाले. "बाई, तुमी म्हन्ता म्हनून नेऊ देतो. देवळापुढं चालला तं ठीक. नाही चालला तं तुमचा सामान वापस, अन् मंग हिनं कोन्याच वस्तूले हात लावाचा नाही. कावं, आयकून राहिली का?"

अपेक्षाने मान हलवली. मला मुठीत घट्ट धरले होते.

घरी पुठ्ठ्याच्या खोक्याचे अंग झाले. आजी रंभाबाईंनी जुन्या लुगड्याच्या काठाची झूल शिवली. पुढच्या चाकांच्या आसावर लाल चाक बसले, त्याच्यावर नंदीच्या मानेत मी. माझ्यात खुंटी, खुंटीपासून एक कांडी नंदीच्या हनुवटीपर्यंत. दोरी ओढली की चाके फिरणार, लाल चाक मला फिरवणार, मी कांडी हलवणार. खुंटी अपेक्षाने माझ्या ऐन मध्यावर, केंद्रस्थानी बसवली. मला ते सर्वस्वी योग्य वाटले.

तिने दोरी ओढली. मी गरगर फिरलो, तल्लीन होऊन फिरलो. नंदीची मान जागची हलली नाही.

"फिरते तं भारी," रंभाबाई म्हणाल्या. "करत काही नाही. आपल्या भय्याजीवानी."

भय्याजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. त्यांचा माझा परिचय नाही, पण त्या क्षणी आम्ही सगोत्र झालो.

अपेक्षाने खुंटी उपसली, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि ती काठाजवळच्या एका क्षुल्लक छिद्रात घातली. त्या छिद्राशी मी कधी बोलतही नसे. दोरी ओढताच ते छिद्र खाली गेले, वर आले, आणि त्याच्याबरोबर नंदीची मान खाली गेली, वर आली. ज्या मध्याचा मला एवढा गर्व, तो स्वतःभोवतीच फिरत बसला होता. मानेचे ओझे काठाने उचलले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघताना रंभाबाईंनी नंदीला ओवाळले, गंध लावले आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर वाहिल्या. त्यांतल्या काही मानेच्या फटीतून थेट माझ्यावर पडल्या. शेवटी म्हातारीनेच मला ओळखले, असे वाटून मी धन्य झालो.

देवळापुढे तोरणाखाली नंदींची रांग लागली होती. अपेक्षाने दोरी ओढली. मी अर्धा फेर घेतला आणि थांबलो. लाल चाक खालून ढकलत होते. मी मात्र हलेना. पुढची चाके अडली आणि नंदी मातीत रेघ ओढत फरफटला.

"तुह्या नंदी रुसला का वं?" गोलूने विचारले. "का त्याचं पोट दुखून राहिलं?"

मुले हसली. भोजराज पारापाशी उभे होते. ते पुढे आले.

"झालं? चाल घरी. सामान बाईले देऊन दे."

अपेक्षा रडली नाही. ती तिथेच मातीत मांडी घालून बसली आणि नंदीची मान उघडू लागली.

"पाह्य, अजून खोलूनच राहिली," भोजराज म्हणाले आणि त्यांनी दोरीला हात घातला.

"थांब नं रे, भोजराज," रंभाबाई म्हणाल्या. "पोळा का पळून चालला?"

पोरीने मला बाहेर काढले, उजेडात धरले, एकेक दात पाहिला. दोन दातांच्या मध्ये कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता. मी त्याला अलंकार समजत होतो.

"आजी, तुह्या अक्षताचा दाना फसला."

रंभाबाईंनी आपल्या अंबाड्यातला आकडा काढून नातीच्या हाती दिला. "काढ, माय. पूजा बी मीच केली अन् देव बी मीच अडवला."

दाणा निघाला. अपेक्षाने फुंकर मारली, लाल चाकावरचे दोन दाणे टिपले, मला आसावर चढवले, दात दातांत घातले, खुंटी काठाला, कांडी हनुवटीला. सगळी देवळापुढची गर्दी वाकून पाहत होती आणि मला प्रथमच स्वतःकडे बघावेसे वाटले नाही. मी त्या बोटांकडे पाहत होतो. आयुष्यभर मी एका बोटाची वाट पाहिली होती. ही चांगली दहा होती, आणि मातीने माखलेली.

तिने दोरी ओढली. नंदी चालला आणि मारुतीपुढे मान खाली घालून, वर करून, पुन्हा खाली घालून गेला. माझ्या अंगी नम्रता नव्हती; पण तिने ती माझ्याकडून करवून घेतली.

भोजराजही धोतर सावरून मातीत उकिडवे बसले आणि नंदीच्या मानेत डोकावले.

"हे खालचं याले फिरवते का?"

"हो. अन् हे उलटं फिरते."

"काहून?"

"मले नाही मालूम, बाबा. पन नेहमी उलटंच फिरते."

"बरं," ते म्हणाले. "सामान राहू दे तुह्यापाशी. खोलाचं तं खोल, पन लपून नको खोलू. माह्यासमोर खोल. मले बी पाहू दे."

त्याला आता बराच काळ झाला. अपेक्षा मोठ्या शाळेत गेली आणि जाताना मला अंगणवाडीच्या पेटीत परत ठेवून गेली. माझा रंग उडाला आहे, एक दात पडला आहे, आणि पेटीला कुलूप नाही. दात नसल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला मी टक् असा आवाज करतो. पूर्वी मी याला ओंकार म्हटले असते. आता मी त्याला टक् म्हणतो.

वाचकहो, आपल्या घरी अशी एखादी पेटी कपाटात, सोवळ्यात, नवीकोरी राहिली असेल, तर एवढी विनंती ऐका: आम्हांला हळदकुंकू नको. दोन दात पडू द्या, चार खुंट्या हरवू द्या. फिरल्यावाचून चाकाला नामस्मरण घडत नाही.

याहून अधिक उपदेश करण्याचा माझा विचार होता. परंतु रिता नावाची एक नवी मुलगी मघापासून माझा टक् कान लावून ऐकते आहे, आणि आता तिने उषाबाईंना हाक मारून सांगितले आहे, "बाई, मी याले खोलून पाह्यतो."

तेव्हा, मंडळी, रामराम.