सर्वगुणसंपन्न डबी

अकोल्याच्या नारायण महाराजांचा आवाज दोन वर्षांपासून त्यांच्या बायकोच्या, रमाबाईंच्या पर्समध्ये होता. घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला कायमची बंदी केली. लग्नं लावणाऱ्या माणसाला ही बंदी म्हणजे हलवायाला साखरेची. नशीब, ऑपरेशनच्या आधीच त्यांनी आतल्या खोलीत बसून सगळी मंगलाष्टकं रेकॉर्ड करून ठेवली होती. आता ते अंतरपाटाशी बंद माईक धरून नुसते ओठ हलवत. बाजूला बसलेल्या रमाबाई पदराखाली बटण दाबत आणि आवाज वायरीनं साउंडवाल्या अमोलच्या पेटीतून मांडवभर खणखणे. अमोल तेवढा या कटात सामील. लोक म्हणत, महाराज पिकले तसे गोड होऊन राहिले.

ही फसवणूक आहे हे रमाबाईंना कळत होतं. पण बिंग फुटलं तर यजमान दुसरा महाराज बघतील, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक कीव करतील. नवऱ्याला उपास सोसतो, कीव सोसत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आधी हे सगळं मोबाईलवर चाले. पण एकदा ऐन 'सावधान'च्या तोंडावर, कर्ज हवंय का, असं विचारणाऱ्या पोरीचा फोन आला. म्हणून केयूरनं आपला जुना म्युझिक प्लेअर दिला. केयूर त्यांचा मुलगा, अमरावतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. काडेपेटीहून जराशी मोठी डबी. एक बटण, एक काम. रमाबाईंना ती सुनेसारखी आवडली, म्हणजे अजून न आलेल्या सुनेसारखी.

पण शिकल्या-सवरल्या पोराला नीट चालणारं यंत्र बघवत नाही. दिवाळीत आला आणि डबीत लिनक्स घालून बसला. लिनक्स म्हणजे मोठमोठे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, तीही फुकटातली. म्हणाला, आता ही नुसती गाणी वाजवणारी डबी नाही, अख्खा कॉम्प्युटर आहे. रमाबाईंनी विचारलं, मंगलाष्टक वाजेल ना? तर म्हणे, तेही वाजेल. त्या 'तेही'तच सगळं आलं.

तेव्हापासून डबीचं चार्जिंग अर्ध्यावर आलं. उठायला तिला चहा होईस्तोवर वेळ लागे. मराठी नावांच्या जागी चौकोन उमटू लागले, म्हणून रमाबाई ओळी मोजत: तिसरी लग्नाची, चौथी श्राद्धाची. आणि दर वेळी चालू केली की डबी तारीख दाखवी एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. मुहूर्त काढणाऱ्याच्या घरात हे. महाराज कुजबुजले, "तेव्हा माझी मुंजही झाली नव्हती."

पातूरला नत्थुजींच्या धाकट्या पोरीचं, पौर्णिमाचं लग्न होतं. थोरल्या आचलचंही महाराजांनीच, म्हणजे डबीनंच, दीड वर्षापूर्वी लावलं होतं. अंतरपाट धरला, अक्षता वाटून झाल्या, महाराजांनी डोळे मिटून ओठ उघडले. रमाबाईंनी बटण दाबलं. डबीच्या काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं मुंग्यांसारखी वर सरकू लागली. बसच्या हादऱ्यात ती अर्धवट बंद पडली होती. असं झालं की उठल्यावर आधी स्वतःची सगळी झडती घेते, हे केयूरनं नंतर सांगितलं. रमाबाईंनी पुन्हा बटण दाबलं. मुंग्या चालतच होत्या. महाराजांचे ओठही चालत होते. मांडव शांत.

अमोलनं प्रसंग ओळखून माईक गेला म्हणून हात हलवला. नत्थुजींची मोठी बहीण गोदाबाई पुढं सरकली.

"माईक गेला तं गेला. आमाले तोंड नाई का?"

तिनं स्वतः रचलेलं, दोन्ही घरच्या झाडून साऱ्या माणसांची नावं ओवलेलं मंगलाष्टक सुरू केलं. आवाज शेतातून शेतात जाणारा. मुहूर्त साधला, लग्न लागलं. रमाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि वायर काढायची राहून गेली.

पंगत बसली. महाराजांनी बुंदीचा घास तोंडात घातला आणि त्याच क्षणी भोंग्यातून त्यांचाच आवाज घुमला, भरदार, तरणाबांड. डबीची झडती संपली होती, आणि दाबलेलं बटण तिनं इमानदारीनं लक्षात ठेवलं होतं. सगळ्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग महाराजांच्या फुगलेल्या गालाकडे. रमाबाईंनी धावत जाऊन वायर उपटली.

महाराजांनी घास गिळला. अमोलच्या हातातला माईक घेऊन त्यांनी तो पहिल्यांदाच चालू केला.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. आवाज वाळल्या पानासारखा. "गळा गेला माझा."

नत्थुजी मान खाली घालून वरण कालवत राहिले. गोदाबाई मात्र उठून उभी राहिली.

"गळा गेला, थे देवाच्या हाती. पण आचलच्या लग्नात माह्यं कडवं मधातच तोडलं, थे कोनं तोडलं?"

महाराजांनी तोंड उघडलं, पण रमाबाई आधी बोलल्या.

"मी, गोदाबाई. तुम्ही म्हणत होत्या तेव्हाच डबी वाजली. ती कोणासाठी थांबत नाही, आणि मीही थांबवली नाही."

"मंग आता बसा, अन् आइका."

गोदाबाईनं आचलचं उरलेलं कडवं म्हणायला घेतलं. आचल लेकराला मांडीवर घेऊन जेवत होती, ती लाजून लाल झाली. कडवं संपलं तशी गोदाबाई थांबली आणि महाराजांकडे बघू लागली. सगळी पंगत त्यांच्याकडे बघू लागली. महाराजांनी माईक ओठांशी नेला आणि कुजबुजले, "सावधान."

कोणाच्या तरी मुठीत अक्षता उरल्या होत्या. त्या आचलच्या डोक्यावर पडल्या, थोड्या लेकराच्या भातात.