दीड ताऱ्याचा सिनेमा

निवृत्त झाल्यावर आमच्या भावोजींना समीक्षक व्हायची हुक्की आली. तोवर माणूस बरा होता. आता ते दर आठवड्याला एक सिनेमा पाहतात आणि घरच्या ग्रुपवर तारे वाटतात, तेही हात आखडून. परवा माझ्या लाडक्या सिनेमाच्या वाट्याला दीड तारा आला.

'यात काहीच घडत नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'आई गेल्यावर थोरली बहीण धाकट्यांना वाढवते. त्यात नवीन काय? शिवाय ही बाई सबंध सिनेमाभर ओट्याशी उभी राहून जेवते. दिग्दर्शकाला एक खुर्ची जास्तीची मिळाली नाही काय?'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनवर गिऱ्हाइकाची पँट होती, ती तशीच सुईखाली सोडून मी फोन हातात घेतला.

त्या सिनेमात मला माझी ताई दिसली होती. आई गेली तेव्हा मला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. ताई कॉलेजात जाणार होती, ती गेलीच नाही. माझा डबा, माझा ताप, माझी परीक्षा, सगळं तिने अंगावर घेतलं. जेवायची मात्र ओट्याशी, उभ्याने, कारण ती बसली की कुणाला ना कुणाला काहीतरी हवंच असायचं. आभार मानायला गेलं की "चल, मोठी शहाणी!" म्हणून पाठीत धपाटा घालते, वाक्य पुरं होऊच देत नाही. म्हणून मी तिला हा सिनेमा दाखवणार होते. आणि आता, सिनेमा थिएटरातून उतरायला आला असताना, ती म्हणत होती, "राहू दे गं. ह्यांना नाही आवडला."

मी भावोजींनाच फोन लावला.

"चांगल्या कपड्याची शिवण दिसत नाही, भावोजी. म्हणून काय तो शिवलाच नाही म्हणायचं?"

"मेहुणीबाई, मला शिवण नको होती, गोष्ट हवी होती."

"मग पुन्हा बघा. या वेळी ताईच्या शेजारी बसून."

"दीड ताऱ्याचा सिनेमा दोनदा? मला काय वेड लागलंय?"

पण आले. मेहुणीच्या तोंडी लागण्यापेक्षा सिनेमा परवडला, असं ताईला म्हणाले म्हणे.

रविवारी दुपारी थिएटर अर्धंअधिक रिकामं होतं. ताई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. पडद्यावरच्या थोरलीने सगळ्यांना वाढलं, आपलं ताट ओट्यावर ठेवलं, पहिला घास घेतला आणि आतून हाक आली. ती गेली. परत आली, पुन्हा हाक. ताईची चुळबुळ सुरू झाली.

"अगं, बस की गं बाई आता!" ती एकदम मोठ्याने म्हणाली. "कुणीतरी तिला बसायला सांगा रे!"

पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. हसावं की रडावं, मला कळेना. स्वतःची ओळख तिला पटलीच नव्हती! भावोजी मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. ते ताईकडे बघत होते.

ताईच्या घरी आल्यावर तिने आम्हाला वाढलं, आपलं ताट घेतलं आणि नेहमीसारखी ओट्याला टेकली. टेबलाशी आणखी एक खुर्ची होती, पण तिच्यावर भावोजींच्या वर्तमानपत्रांचा ढीग असतो. कायमच असतो. मी उठणार तोच भावोजी उठले. ढीग उचलला, कुठे ठेवावा सुचेना, तेव्हा सरळ जमिनीवर ठेवला.

"बस," ते म्हणाले.

"अहो, पण कुणाला काही लागलं तर?"

"मी उठेन. तू बस."

ताई खुर्चीच्या कडेवर बसली, परक्याच्या घरी आल्यासारखी. मला राहवलं नाही.

"ताई, तू होतीस म्हणून मी आहे. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

"चल, मोठी शहाणी!" म्हणत तिने सवयीने हात उगारला. पण मध्ये टेबल होतं. हात पोचला नाही, आणि माझं वाक्य पहिल्यांदाच पुरं झालं.