पदवी नसलेला संस्थापक

विद्यापीठाचं निमंत्रण आलं तसा व्हर्लीन पेटवेने पहिला फोन ओडेलला केला. कृष्णवर्णीय अभियंता विद्यार्थी संघाला तीस वर्षं होत होती, आणि सुरुवातीच्या सभासदांपैकी एक म्हणून तिला दोन शब्द बोलायचे होते. ओडेल क्रचफील्डला बोलावणं नव्हतं. बोलावणं फक्त पदवीधरांना होतं, आणि ओडेल तिसऱ्या वर्षीच कॉलेज सोडून गॅरी या आपल्या गावी परतला होता. संघ काढला होता मात्र त्यानेच.

"मी येऊन काय करू?" ओडेल म्हणाला. "तिथे सगळे कोटात. माझ्याकडे बस ड्रायव्हरचा युनिफॉर्म."

"माझा पाहुणा म्हणून ये. जेवण फुकट आहे."

"विद्यापीठाचं जेवण? मग घरूनच खाऊन निघतो," तो म्हणाला, आणि आला.

मक्याच्या कापणी झालेल्या रानांमधून गाडी दक्षिणेकडे निघाली आणि दोघं जुन्या गोष्टींवर आली. त्या वर्षी इंजिनिअरिंगला आलेली काळी मुलं एका टेबलाभोवती मावायची. पहिला हिवाळा सरला तेव्हा ते टेबलही मोठं वाटायला लागलं. प्रयोगशाळेत जोडीदार मिळायचा नाही. गोऱ्या मुलांच्या हॉस्टेलांत जुन्या प्रश्नपत्रिकांनी भरलेली कपाटं होती, आणि यांना ती कपाटं असतात हेही ठाऊक नव्हतं. तेव्हा ओडेल म्हणाला होता, "एकेकटे गळतोय आपण. एकत्र बसू या. निदान कोण गळलं ते कळेल तरी."

डीन हॅल्व्होर्सन यांनी त्याला समोर बसवून समजावलं होतं, "इथे भेदभाव नाहीच, मग वेगळा संघ हवा कशाला? नावातून 'कृष्णवर्णीय' तेवढं काढा, आत्ता सही करतो."

"सर, वर्गात आम्ही काहीही बोललो तरी लोकांना तेवढंच दिसतं," ओडेल म्हणाला. "मग कागदावर असलं तर काय बिघडलं?"

दोनदा नकार देऊन डीनसाहेबांनी शेवटी सही केली आणि तळघरातली, बॉयलरला लागून असलेली खोली दिली. कंटाळून आपोआप बंद पडेल असा हिशेब असावा. पण जानेवारीत अख्ख्या इमारतीत उबदार अशी तेवढी एकच खोली निघाली. गणित अडलं की गोरी मुलंही तिथे येऊन बसायला लागली. संघाने त्यांच्याशी भेदभाव केला नाही.

पुढे संघ चालू ठेवायलाही दर वर्षी सह्या लागायच्या. तिसऱ्या वर्षी ओडेल त्यासाठी कचेऱ्या पालथ्या घालत होता, आणि त्याच आठवड्यात उष्णतागतिकीची परीक्षा आली. त्याने शिकवलेले सगळे पास झाले. तो नापास झाला. शिष्यवृत्ती थांबली. तिकडे पोलाद कारखान्यात वडिलांच्या पाठीला मार बसला होता. घर चालवायला कुणीतरी हवंच होतं.

सभागृहाच्या दारात दोघांच्या हातात एकेक गुळगुळीत पुस्तिका पडली. 'डीन हॅल्व्होर्सन यांच्या दूरदृष्टीतून संघाचा जन्म झाला.' खाली फोटो, त्या तळघरातल्या खोलीची फीत कापताना डीनसाहेब. फोटोच्या कडेला कुणाचा तरी खांदा.

"हा खांदा माझा," ओडेल म्हणाला. "बघ, इस्त्री किती कडक आहे."

डीनसाहेब आता चाकाच्या खुर्चीत होते. त्यांनी व्हर्लीनचा हात धरून ठेवला. "खोली मी दिली होती तुम्हाला, आठवतं ना? सगळे विरोधात होते तेव्हा."

"सगळे म्हणजे कोण, सर?"

त्यांनी खूप आठवून पाहिलं. "सगळेच," ते म्हणाले.

म्हातारा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं आठवत होतं, आणि त्यामुळेच व्हर्लीनची पंचाईत झाली. तरी व्यासपीठावर चढून तिने घडलं तसं सांगितलं: नकार, बॉयलर, नापास झालेला संस्थापक. लोक पोट धरून हसले. सगळ्यात जास्त डीनसाहेब हसले. खांद्याचा मालक तिसऱ्या रांगेत बसलाय हे कळल्यावर तर सभागृह उभंच राहिलं. उपकुलगुरूंनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की दर वर्षी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला 'ओडेल क्रचफील्ड पारितोषिक' देण्यात येईल.

ओडेलला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. माईक हातात आला तेव्हा तो म्हणाला, "आभारी आहे. माझ्या नावाचं हे बक्षीस मला कुठल्याच जन्मात मिळालं नसतं. त्यापेक्षा जो नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसतो, त्याला द्या."

"कल्पना उत्तम आहे," उपकुलगुरू म्हणाले. "समितीपुढे ठेवू."

तेवढ्यात संघाची सध्याची अध्यक्ष केझाया बोटराइट उठली. "सर, समितीचं बक्षीस समितीने द्यावं. हे आमचं आम्ही देऊ."

वसंतात संघाने ते दिलं. द्रवयांत्रिकीत दोनदा आपटलेली डेट्रॉइटची एक मुलगी निवडली, तर ती आधी भडकलीच. "माझं नापास होणं आता गावभर करणार का तुम्ही?" केझायाने तिची बरीच मनधरणी केली, तेव्हा कुठे ती आली. ओडेल ड्युटी संपवून, युनिफॉर्म न बदलता पोचला. सोबत व्हर्लीन होती.

टाळ्या थांबल्यावर मुलीने त्याला हळूच विचारलं, "काका, तुम्ही का नाही बसलात पुन्हा?"

"मला परत न्यायला कुणी आलंच नाही, बाळा."

"अख्ख्या संघातून कुणीच नाही?"

"सगळ्यांच्या परीक्षा होत्या. आणि काही झालं तरी परीक्षा बुडवायची नाही, हे मीच शिकवलं होतं ना त्यांना."

व्हर्लीन शेजारीच उभी होती. ओडेलने तिच्याकडे पाहिलं नाही. तो त्या मुलीला विचारत होता, "तुझी पुढची कधी आहे?"

"सोमवारी."

"आणि अभ्यास?"

ती केझायाकडे बघू लागली.

"मग इथे फोटो काढत काय उभी आहेस? जा!"

मुलगी गेली. केझायाने पर्स उचलली आणि तिचा अभ्यास घ्यायला तीही मागोमाग निघाली.