लाघवी

बोट पाण्यावर कशी उभी राहते हे सांगायला बाबांनी घरातच दोन शब्द करून ठेवले होते. लाट लागताच कलते आणि झटक्यात सरळ होते, वरच्या माणसाला धडपडवते, ती खाष्ट. हळूच झुकते, सावकाश सावरते, झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं, ती लाघवी. बाबांचा जीव खाष्ट बोटीवर. लाघवी कधी आडवी होईल नेम नाही, म्हणत.

बाबांमागे बोटी बांधायचा कारखाना धाकटीने सांभाळला आणि बोट थोरल्याने. यंदा दादाने हट्टाने बोटीवर आणखी एक खोली चढवून घेतली. बोट वरून जड होईल म्हणून धाकटी नको नको म्हणत होती, पण शेवटी ती बांधली तिनेच.

त्या दुपारी वारा एकाएकी उठला. धाकटी आणि वहिनी कारखान्यातल्या वायरलेसला चिकटून बसल्या.

"सकाळपासून नुसती आदळआपट," दादाचा आवाज आला. "आता बरं आहे. एकदम लाघवी झालीय बघ."

वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. धाकटीने मात्र वहिनीकडे पाहिलं.

"वहिनी, जरा चहा टाकता?" वहिनी आत वळताच ती वायरलेसवर ओणवी झाली. "दादा, बोट अशी आपोआप लाघवी होत नाही, खाली पाणी शिरलंय. वरचं सगळं फेकून दे. जाळी, बर्फ, मासळी, सगळं."

"वेडी आहेस का? पंप चालू आहे."

"पाया पडते तुझ्या. कलल्यावर परत यायला वेळ लावतेय ना?"

मग दादा आवाज उतरवून म्हणाला, "लावतेय. मघाशी तर कलली ती तशीच राहिली होती."

"जाकिटं घाला. खाली कुणी थांबू नका. ऐकतोयस ना?"

घसा बसेपर्यंत ती हाका मारत राहिली, दादाला आणि आसपासच्या बोटींना. वहिनी कप घेऊन दारातच उभी होती.

संध्याकाळी कळलं. बोट उलटली होती. तिच्या बुडाला धरून तरंगणारी माणसं दुसऱ्या बोटीने उचलली. इंजिनवाला तेवढा सापडला नाही. पंप बंद पडू नये म्हणून तो खालीच राहिला होता.

धक्क्यावर वहिनीने दादाला घट्ट धरलं. धाकटीकडे न बघता म्हणाली, "तुला सगळं कळलं होतं. आणि मला चहाला पाठवलंस."

इंजिनवाल्याची बायको एकेक चेहरा बघत गर्दीतून पुढे येत होती. धाकटी तिच्या दिशेने चालू लागली.