फुटाला एक सूत

क्लिफर्ड एंटविसलने इंजिनाच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, पण मोठ्या दरवाजातून तो एकदाही आत गेला नाही की बाहेर आला नाही. मोठा दरवाजा इंजिनांसाठी आणि मालकांसाठी. कामगारांनी भिंतीतल्या लहान दारातून मान वाकवून जायचं. फक्त निवृत्तीच्या दिवशी तो दरवाजा एकट्या माणसासाठी उघडायचे. सगळं खातं हातोड्या घेऊन मिळेल त्या लोखंडावर बडवत सुटायचं आणि त्या गदारोळात तो माणूस मधोमध चालत बाहेर पडायचा. क्लिफर्डने कितीतरी जणांसाठी हात दुखेस्तोवर बडवलं होतं. त्याची पाळी मात्र आलीच नाही. कारखाना बंद झाल्याची पत्रं एका शनिवारी घरी आली आणि सोमवारी दरवाजाला साखळी होती. पुढे दरवाजा भंगारात गेला, दोन दगडी खांब आणि शेजारची भिंत तेवढी राहिली.

पस्तीस वर्षांनी तिथे फ्लॅट उभे राहिले आणि बिल्डरला तोच दरवाजा पुन्हा हवासा वाटला. जाहिरातीत बरा दिसतो ना! त्याच्या जाळीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत ज्यांचा ठसा घेऊन बीडाचं लोखंड ओततात ते, फक्त क्लिफर्डच्या शेडमध्ये उरले होते. तो पॅटर्नमेकरच होता. बिल्डरकडची जेमा केक घेऊन त्याच्या घरी आली.

"बदल्यात काय देऊ तुम्हाला, क्लिफ?"

"उद्घाटनाला दरवाजा उघडायचा. मी आतून चालत बाहेर येणार. हा माझ्या कारखान्यातला नॉर्मन बडवणार."

"एवढंच? किती गोड!"

चौऱ्याऐंशीच्या माणसाला कोणी गोड म्हणालं की समजावं, त्याचं म्हणणं ऐकलेलं नाही. क्लिफर्ड खूश झाला. त्याने सूट धुवायला टाकला.

उद्घाटनाला जेमानेच दोघांना मागच्या रस्त्याने गाडीतून आत आणलं. ओतशाळेत जन्म काढलेल्या नॉर्मनने बाजाराच्या पिशवीतून हातोडी आणली होती. दरवाजा काळाभोर, वर सोनेरी अक्षरं. क्लिफर्डने हात लावला. उन्हात असूनही तापलेला नव्हता. बीड नव्हतंच ते, फायबर होतं. असू दे, उघडला म्हणजे झालं.

"कधी उघडायचा?" त्याने विचारलं.

जेमाचा चेहरा पडला. "तुम्हाला कोणी कळवलं नाही? तो उघडत नाही. तुमचे पॅटर्न आम्ही मशीनने मोजले, केसाचाही फरक केला नाही. तरी दोन इंच जास्त भरला. खांबच चुकीचे असणार. मग खांबांना खाचा पाडून कायमचा बसवून टाकला."

"खांब चुकीचे?" नॉर्मन भडकला. "अगं बाई, बीड थंड होताना आकसतं, तुझं फायबर नाही! फुटाला एक सूत! म्हणून पॅटर्न तेवढा मोठाच करतात, त्याची फूटपट्टीसुद्धा वेगळी असते. सोळा फुटांना सोळा सूत, आठ सुतांचा एक इंच, हे झाले तुझे दोन इंच!" मग तो क्लिफर्डकडे वळला. "क्लिफ्या, तू यांना सांगितलं नाहीस?"

क्लिफर्डने सांगितलं नव्हतं. पंधराव्या वर्षी, कामाच्या पहिल्या सकाळी शिकलेली गोष्ट. पाणी ओलं असतं असं कोणी कोणाला सांगतं का? ज्यांना सांगावं लागेल अशी माणसं या दरवाजाला हात लावतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"सांगायला हवं होतं हो तुम्ही," जेमा म्हणाली. अगदी मायेने म्हणाली, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. शिव्या दिल्या असत्या तर उलट देता आल्या असत्या. स्वतःचा दरवाजा त्याने स्वतःच बंद केला होता.

नॉर्मनला राहवलं नाही. त्याने हातोडी काढली आणि दरवाजावर हाणली. डब. पुन्हा हाणली. डब. रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपावर मारल्यासारखा आवाज. फुगे धरलेली माणसं वळून बघायला लागली आणि पहारेकरी धावत आला.

"अहो आजोबा, रंग जाईल! चला, बाहेर चला दोघं."

"कुठून?" क्लिफर्डने विचारलं.

"ते काय, भिंतीतलं लहान दार. डोकं सांभाळा हं, बुटकं आहे."

सांगायची गरज नव्हती. मान आपोआप वाकली.