लालमियाँच्या छातीवरची चपरास

मी एक जुनी चपरास आहे. मित्रांनो, तुम्ही मला कदाचित पाहिलं नसेल, पण माझ्यावरून पडलेलं नाव तुम्ही नेहमी ऐकता. चपरास लावतो तो चपराशी. मी म्हणजे तळहाताएवढी पितळी पाटी, खांद्यावरून तिरक्या उतरणाऱ्या चामडी पट्ट्यावर बसवलेली. निजामाच्या राज्यात, जालन्याच्या मुन्सिफ अदालतीत, म्हणजे खालच्या न्यायाधीशाच्या कोर्टात, मी नोकरीला होते.

मला घडवलं बद्रीनाथ तांबटानं. त्याला उर्दू वाचता येत नव्हतं. मुन्शीनं कागदावर काढून दिलेली अक्षरं त्यानं वेलबुट्टी कोरावी तशी माझ्यावर कोरली. मध्येच हात थांबवून तो बायकोला म्हणाला, "घागर करताना माहीत असतं, हिच्यात पानी भरतेत. हिचं काय करतेत कोन जाणे!" मला त्याचा फार राग आला. घागरीपेक्षा मी कितीतरी जास्त चमकत होते. अशी कशी ही माणसं, असं मी तेव्हा म्हणत असे. आता म्हणत नाही.

मी लालमियाँच्या छातीवर बसले. उंच, हडकुळा माणूस, मिशा मोठ्या आणि आवाज बारीक. पण अदालतीच्या दारात उभा राहून पुकारा करायचा तेव्हा तोच आवाज मैदानापलीकडच्या लिंबापर्यंत जायचा. समन्स पोचवणं, पुकारा करणं आणि वारंट बजावणं ही त्याची कामं. समन्स म्हणजे अमुक दिवशी साक्षीला या, असं सरकारी बोलावणं. त्या दिवशी साक्षीदार आला नाही की मुन्सिफसाहेब त्याच्या नावाचं वारंट काढत. मग लालमियाँनं त्याला हुडकून हजर करायचं.

पितळेला काही दिसत नाही असं लोकांना वाटतं. मी तर बरोबर छातीच्या उंचीवर होते. माणसं आधी मलाच पाहत. लालमियाँच्या तोंडाकडे पाहायला कुणी थांबतच नसे. मीही मनात एक खातं उघडलं होतं, कोण मला बघून काय करतो त्याचं. ज्यांनी काहीच केलेलं नसे ते सगळ्यांत जोरात पळत. ज्यांनी थोडं केलेलं असे ते दुकानात वाकून काहीतरी शोधायला लागत. आणि ज्यांनी खरोखर मोठं काही केलेलं असे ते पुढं येऊन म्हणत, "या जमादार, बसा, पानी घ्या!" या खात्यात माझी फार क्वचित चूक झाली.

पण या खात्याला दुसरी बाजूही होती. लालमियाँ चहाच्या दुकानात शिरला की बाकडं रिकामं होई. मस्तगड मोहल्ल्यात लग्न असलं की मांडवापाशी त्याला बघून वाजंत्री थांबत, म्हणून त्यानं लग्नांना जाणं सोडलं. त्याची बायको जुबेदा वारली तेव्हा मयतीला माणसं आली, पण गल्लीच्या टोकाशीच घुटमळली. तो शोक करायला उभा आहे की कुणाला पकडायला, हे त्यांना लांबून कळेना. त्या दिवशीही मी छातीवरच होते. सुट्टी मागायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

अशात नवे मुन्सिफसाहेब आले. कपाटातले जुन्या वारंटांचे गठ्ठे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. हुकूम निघाला: जे साक्षीदार या महिन्याच्या आत आपल्या पायानं येऊन न येण्याचं कारण सांगतील त्यांचं वारंट मन्सूख, म्हणजे रद्द. दंड नाही, कैद नाही. जो मेला असेल त्याच्या वारंटावर 'मयत' असा शेरा मारून ते बंद करा. बाकीच्यांच्या घरावर जप्ती.

म्हणजे मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी चांगली बातमी घेऊन निघाले होते. मी उन्हात काय लखलखले म्हणता! आणि मस्तगडाच्या चढावर पोचतो न पोचतो तोच दारांच्या कड्या लागल्याचे आवाज येऊ लागले.

"अरे, सुनो तो! माफी है, माफी!" लालमियाँ ओरडत होता.

"माफी म्हनून बोलावतेत अन् आत टाकतेत," एका बंद दारामागून कुणीतरी म्हणालं.

ओट्यावर उषाबाई नावाची म्हातारी मिरच्या खुडत बसली होती. तिला पळणं होत नव्हतं, म्हणून ती बोलून घेत असे. "आले का यमाचे पाव्हणे! आज कुनाचा नंबर?"

"रखमाजी गाडीवानाचं घर दाखवा, मौसी."

"त्ये काय समोर. पन तिथं आता एकली बाईच ऱ्हाती. बाईवर बी वारंट निघून राह्यलं का तुमच्या राज्यात?"

रखमाजी हा मूळचा अंतरवाली सराटीचा. शेतीच्या वाटण्या झाल्यावर बैलगाडी घेऊन शहरात आला आणि स्टेशनवर कापसाच्या गाठी वाहू लागला. तिथं दोन गाडीवानांची मारामारी झाली, ती त्यानं पाहिली. एवढाच त्याचा गुन्हा. साक्षीला बोलावलं, आला नाही, वारंट निघालं आणि तेव्हापासून तो गायब.

दार त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं उघडलं. मला पाहिलं आणि तिचा हात दारावरच राहिला.

"रखमाजी कुठं हाय, भाबी?"

"मेले."

"कधी?"

"झाले लई दिवस."

लालमियाँनं तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मंग हे कपाळावर कुंकू?"

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर शिव्या देईल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. पदराचं टोक उचललं, आमच्या डोळ्यांत डोळे रोखून कुंकू पुसून टाकलं आणि म्हणाली, "ऱ्हायलं व्हतं. आता तर झालं?"

पदरावर लाल डाग उमटला. माझ्या खाली लालमियाँची छाती धडधडत होती, ती मला पट्ट्यातून जाणवत होती.

"तोबा, तोबा! असं करू नका भाबी. माफी आहे. फक्त यायचं आणि का न्हाई आले ते सांगायचं."

"का न्हाई आले?" ती एकदम उसळली. "आल्ते की! दिवसभर तुमच्या दारात बसून आल्ते! कागुद उर्दूत. शेजारच्यानं वाचला, बहमनची पाच तारीख म्हनला. आमच्या मानसानं हिशेब धरला, बहमन म्हंजी पौष अन् पाच म्हंजी पंचमी. पौषातल्या पंचमीला भाकर बांधून गेले. कुनी नाव घेतलं न्हाई. घरी येऊन मला म्हनले, सरकारचं काम झालं बघ, लई सोपं असतं. अन् पाठोपाठ तुमचं वारंट!"

सरकारी महिने फसली सालाचे, बहमन त्यातलाच एक; घरातले महिने पंचांगाचे. सरकारची पाच तारीख कधीच होऊन गेली होती आणि हा माणूस आपली पंचमी पाळून आला होता. जो दिवस चुकला होता तोसुद्धा त्यानं किती इमानदारीनं चुकवला होता!

"हेच साहेबांना सांगा. बस्, सुटला तो," लालमियाँ म्हणाला.

चतुराबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. "मेलेलं मानूस कसं सांगल?" असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

अदालतीत साहेबांपुढे कागद ठेवणारे कारकून, पेशकार अजमतअली, पान जुळवत बसले होते. हकीकत ऐकून ते खूश झाले. "औरत खुद बोल रही ना? लिख देव मयत. एक कागज कम हुआ!"

"साहेब, आदमी जिंदा है."

"तुमने देखा?"

"न्हाई देखा."

"तो फिर? महिना खतम होने को आया. जप्ती लाऊं क्या उसके घर पे? बैल जाएगा, गाडी जाएगी. उससे तो मयत अच्छा!"

पेशकारांचं बोलणं तसं खोटं नव्हतं. 'मयत' लिहिलं की घर वाचणार, वारंट मिटणार, पेशकारांचा गठ्ठाही हलका होणार. फक्त रखमाजी सरकारदरबारी मरणार होता. मग तो कधी उजळ माथ्यानं गाडी जुंपू शकला नसता, अंगणात बसू शकला नसता, आणि चतुराबाईला जिवंत नवऱ्यासाठी कपाळ मोकळं ठेवावं लागलं असतं. लालमियाँनं कलम उचललं, शाईत बुडवलं आणि तसंच टाकून दिलं. मला कळलं, त्याला जुबेदाची आठवण झाली होती. खरोखर मेलेल्या माणसासाठी त्याला काही करता आलं नव्हतं.

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मस्तगडात गेला. दार उघडलं नाही. त्यानंतरही गेला. उषाबाई ओट्यावरून म्हणाली, "कशाला चपला झिजवता जमादार? तिला तुमी दिसतच न्हाईत. तिला त्ये पितळ दिसतंय."

परतीच्या उतारावर लालमियाँनं मान खाली घालून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, इतकी वर्षं आम्ही बरोबर होतो, पण त्यानं मला असं कधी पाहिलं नव्हतं.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी, चतुराबाई राजूरच्या गणपतीला निघाल्याचं कळताच, त्यानं मला काढलं, अदालतीच्या खुंटीवर अडकवलं आणि साधा सदरा घालून तो निघून गेला. नोकरीवर चपराशीनं चपरास न लावता फिरणं हा कसूर होता. नोकरीवर बेतलं असतं. तरी गेला.

राजूरला काय झालं ते मी पाहिलं नाही. माझ्या आयुष्यातलं एकमेव चांगलं काम माझ्याशिवाय झालं. मला कळलं ते एवढंच, की चतुर्थीला राजूरच्या गणपतीला सगळा मुलूख लोटतो, त्या गर्दीत चतुराबाई दर वेळी जायची आणि तिथं नारळाच्या दुकानात हमाली करणाऱ्या नवऱ्याशी दोन शब्द बोलून यायची. लालमियाँ तिच्यामागून गेला आणि त्या दोघांसमोर जाऊन खाली बसला. उभा राहिला नाही, बसला. रखमाजीनं त्याला ओळखलंच नाही. कुणी नवसाला आलेला म्हातारा समजून खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. मग तो बोलला, आणि मग त्यांनी ऐकलं.

महिन्याचा शेवटचा दिवस. मी खुंटीवरच. लालमियाँनं दारात उभं राहून पुकारा केला, "रखमाजी, गाडीवान, मस्तगड! हाजिर है?" कुणी आलं नाही. पेशकारांनी दौत पुढं ओढली. लालमियाँनं पुन्हा पुकारलं, तेव्हा त्याचा आवाज फाटला. लिंबाखालची एक बाई उठली. तिच्या पाठीमागून एक माणूस, मुंडासं हातात घेऊन, लग्नघरात चुकून शिरल्यासारखा आत आला.

"क्यों नहीं आए थे?" साहेबांनी विचारलं.

"आल्तो सायेब. पंचमीला आल्तो. तुमीच न्हवते."

सगळी अदालत हसली. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "मन्सूख." एवढा एक शब्द. रखमाजीला तो कळलाच नाही. "म्हंजी किती वर्सं?" त्यानं लालमियाँला विचारलं. "म्हंजी घरी जा," लालमियाँ म्हणाला.

मग साहेबांची नजर लालमियाँच्या मोकळ्या छातीवर गेली. "तुम्हारी चपरास?"

"हुजूर, उसको देख के लोग भागते."

साहेब म्हणाले, "कानून है. पहन लो." लालमियाँनं मला खाली काढलं आणि छातीवर चढवलं. त्याच वेळी चतुराबाई पुढं आली. कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं. "भाऊ, जेवायला यायचं घरी. पुरन करते," ती म्हणाली आणि मला बघून एक पाऊल मागं सरकली. "पन हिला हितंच ठिवून या."

तो गेला. पुढंही सणावाराला जात राहिला. येताना हसत यायचा. मला दर वेळी खुंटी.

मग राज्य बदललं. माझ्यावरची अक्षरं सरकारच्या कामाची राहिली नाहीत, आणि मला परत मागायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही. आज मी एका पेटीत पडून आहे. घरातली मुलं कधीमधी काढतात, छातीवर लावतात, "हाजिर है?" असं ओरडतात आणि खिदळतात.

मित्रांनो, उद्या तुमच्याही छातीवर काही ना काही लागेल. पितळ नसेल, दुसरं काही असेल. ते चमकेल आणि तुम्हाला आवडेलही. लावा, जरूर लावा. फक्त कुणाच्या दारात उभे राहाल तेव्हा क्षणभर ते काढून मुठीत धरा, म्हणजे दार उघडणाऱ्याला आधी तुमचं तोंड दिसेल. त्या दारापलीकडच्या घरात काय चाललंय, पुरणाचा वास कसा असतो, हे मला कधी कळलं नाही. तुम्हाला कळू द्या.