उजव्या पायावरचा रस्ता

मंगळवारी सकाळी मोजा चढवताना जावईबापूंना आपल्या उजव्या पायावर एक रस्ता दिसला.

रस्ता म्हणजे रस्ताच. करंगळीच्या मुळाशी सुरू होऊन घोट्याकडे निघालेला, लालसर, जरासा फुगलेला, दोन वळणांचा. दुसऱ्या कुणाला तो ओरखडा वाटला असता. पण जावईबापू रस्ते खात्यात ड्राफ्ट्समन होते. नऊ वर्षं ते कागदावर रस्तेच काढत आले होते, आणि हा आपल्या हातचा नाही हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. वळणं फारच ढिसाळ होती.

जावईबापू हे नाव सासऱ्यांचं. सासरे राहायला आले, मग बायकोही चेष्टेने तेच म्हणू लागली, मग ऑफिसला कळलं, आणि बत्तिसाव्या वर्षी माणसाचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

पायाला खाज अशी, की दिवसभर टेबलाखाली स्टीलची पट्टी चालू. बुधवारी बघतात तो रस्ता पुढे सरकलेला. आता खात्याचा नियम असा, की चालू कामाचं टोक रोज सकाळी नकाशावर फुलीने दाखवायचं आणि शेजारी तारीख टाकायची. नियम पायाला लागू नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. जावईबापूंनी न पुसणारं पेन घेऊन फुली मारली आणि तारीख टाकली. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी पुन्हा.

शुक्रवारी त्यांनी पाय मोजणीबाईंना दाखवला. मोजणीबाई ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण टेप कायम. त्यांनी चष्मा वर सरकवून टेप लावली.

"रोज दीड सेंटिमीटर. आपल्या ठेकेदारापेक्षा बरंच म्हणायचं."

मग त्यांनी मोबाइलवर शोधाशोध केली आणि निविदा वाचावी तशा आवाजात वाचून दाखवलं. कुत्र्या-मांजरांच्या पोटात जंत असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, वाळूत पडतात. त्यांतून अळी निघते, आणि अनवाणी पाय मिळाला की कातडीत शिरून फिरत बसते.

"म्हणजे हा रस्ता..."

"रस्ता नाही, रहदारी आहे ती."

"किती असतील?"

"एकच दिसतेय. उगाच गर्दी समजू नका. घरात प्राणी आहे का?"

"नाही," जावईबापू सरळ चेहऱ्याने म्हणाले.

होता. साहेब होते.

साहेब म्हणजे सासऱ्यांचा कुत्रा. सासऱ्यांनी चाळीस वर्षं टायपिस्टची नोकरी केली, अकरा साहेबांची पत्रं बडवली, आणि निवृत्त झाल्यावर वर कुणीच नाही म्हटल्यावर त्यांना करमेना. तेव्हा त्यांनी कुत्रा पाळला. त्याला ते अहो-जाहो करत. "साहेब जेवले." "साहेबांचा आज मूड नाही." साहेब तपकिरी होते, एक कान मोडलेले होते, आणि कामाच्या बाबतीत आधीच्या अकरांच्याच पठडीतले होते.

सासूबाई गेल्यावर सासरे एकटे पडले. बायको त्यांना दिवसातून सात वेळा फोन करायची, आणि आठवा उचलला गेला नाही की हातपाय गाळून बसायची. शेवटी त्यांना इकडे आणलं, साहेबांसकट. बायकोने एकच अट घातली होती, "बाबा, साहेबांची एक तक्रार, की बदली. आतेभावाच्या गोदामावर."

सासरे शांतपणे म्हणाले होते, "साहेबांची बदली झाली की स्टाफही जातो."

तेव्हापासून घर सुरळीत होतं. बायको उशाशी फोन न ठेवता झोपत होती. अडचण एवढीच, की न्हाणीघराच्या दुरुस्तीतून उरलेली वाळू मागच्या अंगणात पडून होती. साहेबांनी तिचा ताबा घेऊन तिथे सकाळची कामं उरकायला सुरुवात केली होती. आणि कपडे वाळत घालायची दोरी नेमकी त्या वाळूवरून गेली होती. जावईबापू रोज तिथे अनवाणी उभे राहून कपडे पिळत असत.

थोडक्यात, त्यांच्या पायावरून एक तक्रार चालत निघाली होती.

त्यांनी ती दाबायचं ठरवलं. मोजा चोवीस तास पायात. आंघोळीपुरता काय तो उतरायचा. मग त्यांनी हिशेब मांडला. टोकापासून हृदय, अंगाला टेप लावून, एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर. भागिले दीड. पंच्याऐंशी दिवस. आकडा वाईट नव्हता. खात्यात एवढ्या मुदतीत साधा मोरीचा नकाशा मंजूर होत नाही. मग त्यांनी त्याच पेनने पायावर गुडघ्यापर्यंत एक तुटक रेघ काढली, वाटीला वळसा घालून.

शनिवारी ते बायकोला घेऊन घरभर फिरले. पाण्याचा मुख्य नळ कुठला, फ्यूज कुठला, गॅसवाल्याचा नंबर कोणत्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

"हे मला आत्ता कशाला सांगतोयस? कुठे चाललायस का?" ती म्हणाली.

"मी? मी नाही चाललोय," जावईबापू म्हणाले, आणि ते खरंच होतं.

रविवारी दुपारी जेवून ते खुर्चीतच पेंगले. तेवढ्यात साहेब आले, मोज्याचं टोक दातांत धरून त्यांनी तो हलक्या हाताने, म्हणजे हलक्या तोंडाने, सबंध ओढून काढला आणि घेऊन गेले. एवढ्या महिन्यांत साहेबांनी केलेलं हे पहिलंच काम.

जावईबापूंना जाग आली तेव्हा बायको समोर उकिडवी बसून त्यांचा पाय वाचत होती.

"हे काय आहे?"

"नकाशा."

"ते दिसतंय. कशाचा?"

सांगावं लागलं. अळी, वाळू, मोजणीबाई, पंच्याऐंशी दिवस. ते अगदी हळू आवाजात बोलत होते, पण शेजारच्या खोलीतला सासऱ्यांचा टाइपरायटर मध्येच थांबला तो थांबलाच.

"आणि सहा दिवस तू हे लपवलंस? कुत्र्यासाठी?"

"मामांसाठी," जावईबापू सासऱ्यांच्या खोलीकडे बघत म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि तुझ्यासाठी. तुला झोप लागते हल्ली."



सोमवारी ती त्यांना घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरबाईंनी पाय दिव्याखाली घेतला आणि बराच वेळ न्याहाळला.

"या फुल्या कुणी मारल्या?"

"मीच."

"तारखाही?"

"खात्याचा नियम आहे."

"फार उत्तम. एरवी पेशंट येतात, म्हणतात काहीतरी सरकतंय, आणि मला नुसता विश्वास ठेवावा लागतो. इथे पुरावाच आहे. बघताक्षणी निदान." त्यांचं बोट वर सरकलं. "आणि ही तुटक रेघ?"

"प्रस्तावित मार्ग."

"कुठवर?"

"हृदयापर्यंत. ब्याऐंशी दिवस राहिलेत."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या अवधीत त्यांनी हसू कुठे ठेवलं कोण जाणे.

"हे बघा. ही अळी निघाली होती कुत्र्याकडे. चुकून तुमच्यात शिरली. माणसाच्या कातडीचा खालचा थर फोडायची अवजारंच तिच्याकडे नसतात. म्हणून वरच्यावर भटकते. वाढत नाही, अंडी घालत नाही, काही आठवड्यांत आपोआप मरते. आपण गोळ्या देऊन तिला लवकर सोडवू, तीन दिवसांत."

"म्हणजे ती हृदयाकडे निघालेली नाही?"

"तिला हृदय कुठे आहे हेच माहीत नाही हो." त्यांनी मोजपट्टी लावली. "रस्ता बारा सेंटिमीटर. पण सुरुवातीपासून टोकापर्यंत सरळ अंतर किती? चार. आणि इथे तर चक्क मागे फिरलीय."

जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नऊ वर्षांची नोकरी, आणि त्यांनी वळणांची लांबी सरळ अंतर म्हणून धरली होती. आधी त्यांना लाज वाटली. सुटल्यासारखं वाटलं ते त्यानंतर.

"आणि कुत्रा?" त्यांनी विचारलं. बायकोकडे बघायचं टाळून.

"जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, जंताचं औषध द्या, वाळू हलवा, घाण रोज उचला, चपला घाला. खाजवू नका."

"घरातून काढायला..."

"जंत काढायचे. कुत्रा कशाला?"

पण हे म्हणणं डॉक्टरबाईंचं. बदलीचे अधिकार बायकोकडे होते, आणि ती परतीच्या वाटेवर सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती.

घराच्या पायरीवर सासरे बसले होते. इस्त्रीचा शर्ट, शेजारी बॅग, साहेबांच्या गळ्यात पट्टा. त्यांनी उठून आधी जावईबापूंचा पाय निरखला, मग चेहरा, मग मुलीच्या हाती एक कागद दिला. विषय, राजीनामा. "महोदया, माझ्यामुळे जावईबापूंच्या पायाला जो उपद्रव झाला त्याची संपूर्ण नैतिक जबाबदारी स्वीकारून मी पदमुक्त होत आहे. माझा टायपिस्टही माझ्यासोबत येत आहे." खाली सहीच्या जागी जांभळ्या शाईत पंजा.

बायकोने ते दोनदा वाचलं आणि पायरीवरच बसली.

"मामा, मला काहीही झालेलं नाही. तीन गोळ्या फक्त," जावईबापू घाईघाईने म्हणाले.

"बाबा," बायको म्हणाली, "हा सहा दिवस मोजा घालून झोपत होता. फ्यूज दाखवत होता, गॅसवाल्याचा नंबर देत होता. मला वाटलं, ह्याचं बाहेर काहीतरी चालू आहे आणि हा घर सोडून जातोय."

"एक मोजा घालून?" सासऱ्यांनी विचारलं.

त्यावर तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता तिने पदरासारखा तो राजीनामाच डोळ्यांना लावला. पंजा थोडा फिसकटला.

"अळी निघाली," ती म्हणाली. "नुसती अळी. तीसुद्धा पत्ता चुकलेली." मग नाक ओढून, "बाबा, जनावरांचा डॉक्टर पाचला बंद करतो. साहेबांना वजनकाट्यावर कोण चढवणार? मला चावतील ते."

सासऱ्यांनी साहेबांचा पट्टा हाताला गुंडाळला. "विचारून बघतो. गोळी म्हटल्यावर त्यांची तयारी नसेल."

"विचारायचं नाही. सांगायचं. आणि ती वाळू उद्या जाते इथून. आणि तू," ती जावईबापूंकडे वळली, "तू चप्पल घाल आधी."

जावईबापूंनी चप्पल घातली. सासऱ्यांनी बॅग आत नेऊन कॉटवर उघडली. साहेबांची वाटी, साहेबांचा ब्रश, साहेबांचं पांघरूण, साहेबांचा फाटका चेंडू आणि जावईबापूंचा एक मोजा.

"आणि तुमचे कपडे?" बायकोने विचारलं.

"ते न्यायला उद्या येणार होतो परत," सासरे म्हणाले. "साधारण जेवायच्या सुमाराला."